इतसेलच्या वाट्याची मशाल

प्रिय ओफेलिया,

तुझा खोकला थांबला असेल, असे गृहीत धरतो. मी खुशाल आहे. डॉक्टरांसमक्ष तुला दिलेले न धावण्याचे वचन मी तत्त्वतः पाळले आहे.

माझी शिष्या इतसेल हिची संघनिवडीची शर्यत रविवारी होती, आणि शुक्रवारी तिच्या गावाची ग्वादालुपेमातेच्या नवसाची मशाल. राजधानीतल्या मातेच्या देवळातून गावापर्यंत ती धावत न्यायची. इतसेलच्या वाट्याला बारा किलोमीटर. थकलेले पाय हरतात, हे मी तिला साधार पटवून दिले.

"सगळं पटलं, सर," ती म्हणाली. "आता मातेला तेवढं तुम्हीच सांगा."

नवस अंतराचा असतो, पायांचा नव्हे, असा युक्तिवाद मी मांडला. दुर्दैवाने तो गावाला मान्य झाला आणि मशाल माझ्या हाती आली. जिथे स्पर्धा नाही, तिथे त्यास धावणे म्हणता येत नाही. मागून येणाऱ्या ट्रकमध्ये मक्याचे तामाले खात बसलेल्या तिच्या आजीचेही तेच मत पडले: "हे म्हणे मॅरेथॉन जिंकायचे! कासवांची होती का हो, कोच?"

मी पडलो तर मशाल विझू नये, म्हणून इतसेल बाराही किलोमीटर माझ्या मागोमाग धावत आली. युक्तिवादाचा हेतूच बुडाला.

तरी रविवारी ती जिंकली. अधिकाऱ्यांना म्हणाली, "सरांनी शुक्रवारी इतकं हळू पळवलं, की पाय नुसते शिवशिवत होते."

ही पद्धत इतर प्रशिक्षकांना शिकवण्यासाठी त्यांनी मला महिनाभर ठेवून घेतले आहे; प्रात्यक्षिकासह. गुडघ्याच्या मलमाच्या चार डब्या पाठव. विद्यार्थ्यांसाठी हव्या आहेत.

तुझाच,
एवारिस्तो