अर्धा फेरा

१ फेब्रुवारी, शनिवार

सही केली. 'सेट तपासला. व्यवस्थित चालू आहे.' खाली माझं नाव, दुकानाचा शिक्का, तारीख. अक्षरसुद्धा मुद्दाम नीट काढलं — शहाणा मोठा!

जयरामभाऊ समोर स्टुलावर बसून चहा पीत होते. त्यांच्या संस्थेची एक जीप पेठच्या बाजूला डोंगरातल्या पाड्यांवर रुग्णवाहिका म्हणून फिरते. तिकडे मोबाइलला रेंज नाही. म्हणून जीपमध्ये वायरलेस सेट आणि वरच्या पाड्यावर आरोग्यसेविका ज्योत्स्नाकडे हातातला छोटा सेट. दोन्ही मीच दिलेत. मंगळवारी दुपारी पाड्यावरची फुलाबाई बाळंतपणात अडली. ज्योत्स्ना अडीचपासून चारपर्यंत सेटवरून हाका मारत होती. जीपमधून उत्तर नाही. शेवटी बाईला झोळीत घालून खाली आणलं, वाटेतच बाळ झालं. दोघं वाचली. पण बाईचं रक्त फार गेलं.

ड्रायव्हर चंदर म्हणतो, मी जीपमध्येच बसून होतो, सेट चालू होता, एक शब्द आला नाही. ज्योत्स्ना म्हणते, मी दीड तास घसा फोडत होते. आणि ज्योत्स्ना म्हणजे चंदरची बायको!

"दोघांपैकी एक जण खोटं बोलतंय," जयरामभाऊ म्हणाले. "चंदर पूर्वी प्यायचा, तुम्हाला ठाऊकच आहे." ठाऊक आहे. सोडून दोन वर्षं झाली हेही ठाऊक आहे.

जीप दुकानासमोर उभी होती. मी दुकानातलाच एक छोटा सेट घेऊन दहा पावलांवर गेलो आणि त्यावर 'हॅलो, एक दोन तीन' म्हटलं. जीपमधून खणखणीत आवाज. "बघा," मी म्हणालो. दहा पावलांवरून! दहा पावलांवरून डबडं झालेला सेटही बोलतो. हे मला कळतं, जयरामभाऊंना नाही. ते कागद घडी करून घेऊन गेले. जीप सोमवारी न्यायला येतील.

२ फेब्रुवारी, रविवार

काल अर्धंच लिहिलं. इथे कोण बघतंय? लिही यादव, सगळं लिही.

१८ जानेवारीला चंदर जीप घेऊन आला होता. "यादवभाऊ, गाडी चालू केली का सेट लय कोकलतो. कान किटले." मी पाहिलं. अर्थिंगची पट्टी गंजलेली, एरियलच्या बुडाशी माती, आणि सेटला वीज कुठल्या तरी मधल्याच वायरीवरून घेतलेली. म्हणजे डायनामोचा सगळा कोकलाट सेटमध्ये. काम चार तासांचं. बॅटरीपासून थेट नवी वायर ओढायची, पट्टी घासायची, एरियल उतरवायचा. आणि तेवढ्यात मित्राचा, सोमनाथचा सायखेड्याहून फोन — हुरडा लावलाय, ये लवकर, सगळे जमलेत.

मी सेटचं झाकण काढलं आणि आतला एक बारका स्क्रू अर्धा फेरा आवळला. बस्स. खरखर गप्प. चंदर केवढा खूश! "एकदम शांत झाला की ओ!" त्याने मला हात जोडले. मी झाकण लावलं आणि सायखेड्याला गेलो. हुरडा, दही, लसणाची चटणी. पोटभर खाल्लं.

आज जीप मागच्या शेडमध्ये घेऊन, दार आतून लावून ते चार तासांचं काम केलं. स्क्रूही होता तिथे आणला. आता सेट खरोखर व्यवस्थित आहे. कालचा कागद आज खरा झाला! आणि मी काय केलं होतं हे आता कुणालाच कळणार नाही. किती हुशार मी. स्वतःचीच किळस येते.

३ फेब्रुवारी, सोमवार

चंदरला कामावरून काढलं. जयरामभाऊंचा फोन — "तुमचा कागद होता म्हणून प्रश्नच उरला नाही."

५ फेब्रुवारी, बुधवार

वेदिकाची डिप्लोमाची तोंडी परीक्षा एकवीसला आहे. विषय नेमका गाडीतला वायरलेस सेट. "पप्पा, तुमचं तर रोजचं आहे, मला साध्या भाषेत सांगा. पुस्तकातलं डोक्यात शिरत नाही."

स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरून बसलो. तिला म्हटलं, सेट म्हणजे एका एरियलवर राहणारी दोन बिऱ्हाडं. एक ऐकणारं, एक बोलणारं. माइकचं बटण दाबलं की आतला रिले टक्‌ करतो, ऐकणाऱ्याचा एरियल काढून बोलणाऱ्याला देतो. म्हणून बोलताना ऐकू येत नाही. बोलणाऱ्या बाजूला एक स्फटिक असतो, तो ठरलेल्या गतीने कंप पावतो. आपला आवाज त्या कंपनाला किंचित मागेपुढे हलवतो. मग एकेक टप्पा त्याला जोर देत जातो, आणि शेवटचा ट्रान्झिस्टर एवढा तापतो की त्याच्या पाठीला ॲल्युमिनियमच्या पट्ट्या लावाव्या लागतात. ऐकणाऱ्या बाजूला उलटं. एरियलवर येणारं इतकं दुबळं असतं की आधी ते वाढवायचं, मग सेटमधल्याच दुसऱ्या कंपनात मिसळून खालच्या पट्टीत आणायचं, गाळायचं, आणि मग त्यातलं ते मागेपुढे हलणं मोजायचं. ते हलणं म्हणजेच माणसाचा आवाज.

"आणि हा चौकोन कसला? स्क्वेल्च?"

"ते नंतर," मी म्हणालो आणि उठलो. तिने पेन्सिलीने तिथे प्रश्नचिन्ह काढून ठेवलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

चंदर आला. दोन एसट्या बदलून, सकाळी निघून. मला वाटलं भांडायला आला असेल. बरं झालं असतं! पण तो बाहेर चपला काढून आत आला.

"यादवभाऊ, तुम्ही उघडून पाहिला ना सेट?"

"पाहिला."

"काय नव्हतं?"

"नाही."

"मंग माझेच कान गेले म्हणायचे," तो म्हणाला आणि हसायला गेला. हसू काही आलं नाही.

मी चहा मागवला. तो कपाकडे बघत बोलत राहिला. काम गेल्याचं त्याला इतकं नाही. ज्योत्स्ना त्याला म्हणते, प्यायला असशील तर खरं सांग, मी माफ करीन, पण खोटं बोलू नको. "आता नाय प्यालो तर काय खरं सांगू? पाड्यावर सगळे तोंडाकडं बघतात. फुलाबाईचा नवरा थुंकला माझ्यासमोर. कधी कधी वाटतं, हो म्हणावं, प्यालो होतो म्हणावं, म्हणजे ती तरी बोलंल माझ्याशी." मग म्हणाला, "पन नाय पिणार. पिलो तर तेच खरं होईल."

माझ्या जिभेवर आलं होतं. खरंच आलं होतं. मी म्हणालो, "बिस्किट घे." त्याने एक घेतलं. निघताना परत हात जोडले.

९ फेब्रुवारी, रविवार

हात जोडले त्याने! मला!

११ फेब्रुवारी, मंगळवार

जयरामभाऊंचं ऑफिस इथेच शहरात, द्वारका चौकाजवळ आहे. आज सगळं सांगायचं ठरवून निघालो. द्वारकेच्या चौकात नेहमीसारखी गाड्यांची कोंडी, वीस मिनिटं हलता येईना. त्या वीस मिनिटांत मी सगळा हिशोब मांडला. चूक एक वेळ लोक पोटात घालतील. पण सही? खोटा कागद देणाऱ्याकडे कोण सेट आणणार? एकतीस वर्षांचं दुकान. सातपूरमध्ये माझं नाव आहे. वेदिका काय म्हणेल. आणि फुलाबाई आता बरी आहे, बाळही दूध पितंय, मग उकरून कशाला काढायचं?

कोंडी सुटली तशी गाडी वळवली आणि घरी आलो. भित्रा, भित्रा, भित्रा.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

वेदिकाने आज सोडलंच नाही. "स्क्वेल्च सांगा, त्यावर हमखास विचारतात."

सांगितलं. समोरून कुणी बोलत नसतं तेव्हा सेट नुसता खरखरतो. तो आवाज दिवसभर ऐकत कोण बसेल? म्हणून आत एक दार ठेवलेलं असतं. एक छोटं सर्किट त्या खरखरीवर नजर ठेवतं. खरखर जास्त असेल तर समजतं की कुणी आलेलं नाही, स्पीकर बंद ठेवतं. कुणी बटण दाबून बोलायला लागलं की खरखर दबते, आणि मग दार उघडतं. दार किती खरखरीला उघडायचं ते एका स्क्रूवर ठरतं.

"आणि स्क्रू जास्त आवळला तर?"

"मग दणकट सिग्नललाच दार उघडतं. लांबचा, डोंगराआडचा दुबळा आवाज एरियलपर्यंत येतो, पुढचा सगळा रस्ता कापतो, आणि दारापाशी अडतो."

"पण मग ऐकणाऱ्याला कसं कळणार, की कुणी तरी बोलतंय?"

"नाही कळत. त्याला वाटतं सगळं शांत आहे."

"आणि बोलणाऱ्याला?"

"तिला वाटतं, तो मुद्दाम उत्तर देत नाही."

वेदिकाने वहीतून वर पाहिलं. "तिला?" मी म्हटलं, बोलण्याच्या ओघात आलं.

रोज सकाळी चंदर खिंडीतून ज्योत्स्नाशी बोलायचा. खिंडीतून पाडा समोर दिसतो, तिथे दणकट सिग्नल, म्हणून दहा दिवस कुणाला शंका आली नाही. त्या मंगळवारी तो औषधं पोचवायला खाली नाल्याकडच्या दवाखान्यापाशी थांबला होता. पूर्वी तिथे तिचा आवाज खरखरीतून का होईना पण यायचा. तीच खरखर मी बंद केली होती. दोघंही खरं बोलतायत. जगात हे फक्त मला माहीत आहे, आणि मी गप्प बसलोय.

१६ फेब्रुवारी, रविवार

जेवण जात नाही. बायको विचारते, ॲसिडिटी आहे का? हो म्हणालो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

उद्या. काही झालं तरी उद्या. शपथ.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शिवजयंती! जयरामभाऊंचं ऑफिस बंद. मला हायसं वाटलं. लिहायलाही लाज वाटते, पण वाटलं. दिवसभर मिरवणुकीचे ढोल ऐकत घरात बसलो. त्यांच्या घरी जाता आलं असतं. फोन करता आला असता.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज जाणार होतो. एका कारखान्याची क्रेन सेटच्या दुरुस्तीला आली, त्यांना घाई होती. उद्या.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

वेदिका उड्या मारत आली. परीक्षकांनी स्क्वेल्चच विचारला! तिने दार सांगितलं, दुबळा आवाज सांगितला, आणि म्हणाली, "सर, म्हणून खरखर आली तर आधी तिचं कारण शोधायचं, स्क्रू आवळायचा नाही." सर खूश. कुठल्या पुस्तकात वाचलंस, म्हणाले. "मी म्हटलं, पुस्तकात नाही, माझ्या पप्पांनी शिकवलं."

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडलो. बावन्न वर्षांचा घोडा.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सांगितलं. चालतच गेलो, म्हणजे कोंडीचं निमित्त नको. हुरड्यासकट सगळं सांगितलं.

जयरामभाऊ ओरडले नाहीत. कपाटातून फाइल काढली, तो कागद माझ्यासमोर ठेवला. "सही कुणाची?"

"माझी."

"वाचा."

वाचलं. "मोठ्याने," ते म्हणाले. बाहेर दोन बायका कामाला बसल्या होत्या, त्यांनी माना वर केल्या. मोठ्याने वाचलं. मग ते एवढंच म्हणाले, "मी त्याला चोरासारखा हाकलला हो."

घरी येऊन वेदिकालाही सांगितलं. ती उठून आत गेली.

२३ फेब्रुवारी, रविवार

जयरामभाऊ म्हणाले, माझ्या डोळ्यांसमोर दाखवा. जीप घेऊन त्याच नाल्यापाशी गेलो. ज्योत्स्नाला आधीच निरोप धाडला होता, अकरा वाजता सेटवर बोलत राहा. मी झाकण काढलं, स्क्रू अर्धा फेरा आवळला. शांतता. नाल्यात म्हशी बसल्या होत्या त्यांचा फुसकारा तेवढा ऐकू येत होता. पाच मिनिटं. मग स्क्रू सैल केला — आणि खरखरीतून तिचा आवाज! "...ऐकू येतंय का? ज्योत्स्ना बोलतेय. ऐकू येतंय का?" पाच मिनिटं ती हेच म्हणत असणार. त्या दिवशी दीड तास.

जयरामभाऊंनी डोळे पुसले, माइक घेतला. "ज्योत्स्नाताई, चंदर खरं बोलत होता. तुम्हीही खऱ्या. चूक आमची. उद्यापासून त्याला कामावर यायला सांगा. त्याला जरा सेटवर बोलवा."

"झोपलाय," ती म्हणाली.

"मग उठला की सांगा. सांगाल ना?"

खरखर खाली बसली. म्हणजे तिने बटण दाबलं होतं. पण बोलली काहीच नाही. कितीतरी वेळ तसंच, दाबलेलं बटण आणि आत कुणी नाही. मला वाटलं, आनंदाने गळा दाटला असेल. परतताना किती दिवसांनी भूक लागली मला! ढाब्यावर दोन भाकरी खाल्ल्या.

२४ फेब्रुवारी, सोमवार

ज्योत्स्नाचा फोन आला. खाली बाजाराच्या गावात उतरून केला, तिथे रेंज आहे. चंदर कामावर आलेला नाही. मला आधी वाटलं, आभार मानायला केलाय!

"यादवभाऊ, काम गेल्यावर तो सतरा दिवस नाय प्यायला. मी रोज वास घेऊन बघत होते, मला ठाऊक हाय. गुरुवारी प्यायला. तवापासून उतरलीच नाय त्याची. जयरामभाऊ म्हणाले, तुम्ही शनिवारी सांगितलं."

गुरुवारी मी क्रेनच्या सेटवर बसलो होतो. त्यालाही खरखरच होती. पट्टी घासली, बॅटरीपासून नवी वायर ओढली, एरियल उतरवला. चार तास लागले.