मागच्याचे घुंगरू

३ नोव्हेंबर
आणि दरवेळी मीच का ऐकून घ्यायचं? परवा बोलली, आज परत, सगळ्यांसमोर. कीर्तीला पाठलागाची स्टेप नको. लग्नाच्या अख्ख्या संगीतात माझी स्वतःची म्हणावी अशी ही एकच, तीच नको. सोपी तर आहे. चार जोड्या, दोन-दोन समोरासमोर. पोरगी निघते, समोरच्या जोडीला वळसा घालते, तिचा जोडीदार मागून पळतो, दोघं परत जागेवर. गावाला जाखडी नाचायचो, त्यावरून सुचली. डान्स ग्रुपचे सर पहिल्यांदाच बोलले, "ही सुन्याची स्टेप." आठवी नापासाला एवढं कोण बोलतं.
दिवसभर अंधेरीच्या गोडाऊनला खोकी उचलायची, वर हे.

४ नोव्हें.
मुलुंडचा हॉल. कीर्ती पळताना मान वळवून मागे बघते, लाइन मोडते. ओरडलो, "पुढे बघ ना! मागे काय सोनं पडलंय?"
"मग तू पळ पुढे."
तिचा जोडीदार निलेश. मागून खांद्याला हात लावतो, "पकडली!" सगळे हसतात. मी पण हसलो.
पाणी पिताना हळूच बोलली, "मागचा किती जवळ आलाय कळत नाही रे. धडधडतं. नाच राहतो बाजूला."
मी म्हटलं, नाटकं.

६ नोव्हें.
सर बोलले, दोन दिवसांत जमलं नाही तर दुसरी पोरगी आणू. म्हणजे कीर्तीचा शो गेला. स्टेप राहिली. मला बरं वाटायला पाहिजे. जेवण गेलं नाही.

७ नोव्हें.
आईचा फोन. चिमी चार दिवस शिवणक्लासला गेली नाही. "काजूच्या बागेतनं जाताना कोण तो मागनं येतो रे. बोलत नाय, काय करत नाय. नुसता येतो. पोरगी सारखी मागं बघत चालते, गेल्या आठवड्यात ठेचकाळून पडली."
मी तापलो, नाव सांग त्याचं. नाव माहीत नाही. माहीत असतं तरी इथून काय करणार होतो?
धाकटी बहीण माझी. मागं बघत चालते. गोडाऊनला दिवसभर तेच डोक्यात.

८ नोव्हें.
हॉलला लवकर. निलेशला म्हटलं, मी पुढे पळतो, तू मागून ये. अर्धा वळसा झाला नि मान आपोआप मागे. च्यायला.
कीर्ती दारात उभी. "काय, मिळालं सोनं?"
मी निलेशला थांबवलं, खाली बसलो.
जाखडीत पण गोलात मागे माणूस असतोच की. पण त्याच्या एका पायात घुंगरू. मागचा कुठे आहे ते कानाला कळतं. मी नुसतं पळणं उचललं, घुंगरू गावालाच राहिले.

९ नोव्हें.
घाटकोपरला घुंगरू घेतले. मागून पळणाऱ्या आम्हा चारही पोरांना, एका पायात. खांद्याला हात बंद. पोरगी थांबली की मागच्यानेही थांबायचं.
निलेश कुरकुरला, "मी काय बैल आहे काय?" कीर्ती किती दिवसांनी हसली. दुसऱ्या फेरीला तिने मागे बघितलं नाही.
"बरं वाटलं?"
"कमी वाईट."
सर बोलले, आवाज गाण्यात घुसतो, लग्नवाल्यांना चालणार नाही. घुंगरू काढा.
"मग सर, स्टेपच काढा." तोंडातून निघून गेलं.
सर बोलले, "कोणती स्टेप आणि कोणती पोरगी ते उद्या ठरवतो. तुझं पण."

१० नोव्हें.
घुंगरू बांधून घोटा सुजलाय. सरांचा मेसेज नाही. कीर्तीचा आलाय, "आज येऊ की नको?" ये लिहिलं. पुसलं. परत लिहिलं, पाठवलं. सरांना विचारायचं राहिलंच.
आईला सांगितलं, चिमीला रिक्षाने पाठव, बागेतून नको. "महिन्याला सहाशे घेतो तो." घेऊ दे. शो मिळेल न मिळेल, गोडाऊनचे पैसे आहेत. दर महिन्याला दोन हजार जातात. आज पाठवतोय २६००.