तीस थापा, एकच खड्डा

प्रिय नील्या,

तू जाऊन अकरा दिवस झाले, तुझ्यावरचा मजकूर मला लिहिता आला नाही. इतकी वर्षं साप्ताहिकाची पुरवणी वेळेवर काढणारी मी, लोकांवरचे मृत्युलेख तासाभरात हातावेगळे करणारी! तुझ्या नावाआधी 'कै.' लिहायला हात धजेना. आज सकाळी जिग्नेश तुझी बर्फातल्या मोहिमेची वही घेऊन डोकमर्डीला घरी आला, आणि आता मी लिहितेय. अजून रडू येत नाही रे. धक्काच ओसरत नाही.

वहीतली शेवटची नोंद तुझ्याच अक्षरात आहे. 'खड्डा १. उन्हाची बाजू. तीस थापा. खांब टिकला.'

खड्डा २ कुठे आहे? मी पान उलटलं. कोरं!

"दीदी, एकच खोदला," किलवणीचा तुझा हा डोंगरातला सोबती जिगा मान खाली घालून म्हणाला. "तंबूजवळ, उन्हात. जायचं होतं सावलीच्या उतारावरून. मी बोललो, तिकडे पण एक खोदू? तर हसला. बोलला, जिगा, सॅम्पल पास तर लॉट पास! आणि पहिला तोच उतरला. वरचा सगळा बर्फ त्याच्यासकट खाली गेला."

नील्या, तू? तू असं म्हणालास?

माझ्या स्वयंपाकघरात ताटात साखर पसरून वर रवा दाबून बसवणारा तूच ना? ताट तिरपं केलंस आणि रव्याचा अख्खा थर सटकन ओट्यावर आला. "बघ ताई, खालचे दाणे सुटे असले की वरचा बर्फ असाच निघतो. सावलीत हे दाणे जास्त. वरून काही कळत नाही."

"आणि हा रवा-साखर आता कोण निवडणार?"

"शिरा कर की!"

केला. तू तीनदा घेतलास.

तेव्हाच मी म्हटलं होतं, हे लिहून दे, शुक्रवारपर्यंत. तू दिलंस, तेही गुरुवारी. खड्ड्याच्या भिंतीत बर्फाचा खांब कसा कापायचा, वर फावडं ठेवून दहा थापा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून कशा मारायच्या, खांब मधेच सरकला तर मागे कसं फिरायचं. सगळं स्वच्छ. आणि शेवटी तीन ओळी: 'मी सुताच्या कारखान्यात एक कोन, म्हणजे सुताचं एक रीळ, तपासून अख्खा लॉट पास करतो. डोंगरात ही सवय घातक आहे. ज्या उतारावरून जायचं, त्याच बाजूला खोदा.'

त्या ओळी मी कापल्या.

"ताई, तेवढं ठेव ना."

"जागा नाही रे. आणि बर्फाच्या लेखात कारखाना कशाला?"

तू वाद घातला नाहीस. का नाही घातलास? एरवी रिमोटवरून तासभर भांडायचास!

आज जिग्नेशने खिशातून घडी पडलेलं कात्रण काढलं. तो माझ्या पानावरचा तुझा लेख होता. "दीदी, आमलीच्या ट्रेकिंग ग्रुपमध्ये सगळ्यांकडे आहे. वरती डोंगरात पण वाचला. यात दुसऱ्या खड्ड्याचं लिहिलं असतं, तर मी त्याला दाखवून अडवला असता."

त्याने मला दोष द्यायला ते म्हटलं नव्हतं. त्याला त्या ओळींबद्दल माहीतच नव्हतं. मी सांगितलं. त्याने कात्रणाची घडी पुन्हा घातली. मग म्हणाला, "पण त्याला तर माहीत होतं ना, दीदी?"

हो. तुला माहीत होतं. म्हणूनच रागावू कुणावर, तेच कळत नाही. दिवसभर कोन पास करणारा हात सुट्टीवर गेला तरी सवय सोडत नाही, हे तू स्वतःच लिहून दिलं होतंस. कदाचित स्वतःलाच बजावत होतास. आणि मी ते जागेसाठी उडवलं!

पुढच्या हिवाळ्यात ही मंडळी पुन्हा जाणार आहेत. 'जाऊ नका' म्हणणार होते. तुला कधी ऐकवलं होतं का मी ते? मग त्यांना काय ऐकवू! जिग्नेशचं कात्रण तेवढं काढून घेतलंय. नवं हातात पडेपर्यंत सिल्वासाबाहेर पाऊल टाकायचं नाही, असं बजावलंय.

या शुक्रवारी तुझा लेख पुन्हा छापते, नील्या. पूर्ण. त्या तीन ओळी सगळ्यात वर, ठळक. जागा कमी पडली तर माझा मजकूर काढीन.

तुझ्या ओळी कापणारी,
ताई