गाडीचे हात आणि आत्याचा डोळा

तीर्थस्वरूप आत्यास,

दोन्ही हात जोडून नमस्कार (उजव्या हाताला ग्रीस आहे, म्हणून कागदापासून जरा लांबूनच जोडले आहेत). डोळा कसा आहे? थेंब वेळेवर घालतेस ना? वाकू नकोस, जड उचलू नकोस, डोळा चोळू नकोस आणि हे पत्र तर मुळीच वाचू नकोस. ते तुला शेजारचे काका वाचून दाखवतील. त्यांचा जन्म बसस्टँडवर माइकसमोर गेला, कुठली गाडी कुठे लागली ते सगळ्या स्टँडला सांगण्यात. तेव्हा वाचनाची चिंता नाही, चिंता आहे ती आवाजाची. (काका, आपणासही नमस्कार. ज्या कंसात ‘काका’ असं लिहिलं असेल तेवढा मनातल्या मनात वाचावा. आपला मनातला आवाजही कुंपणापर्यंत जातो, तेव्हा खिडकी लावून घेतलीत तर बरं.)

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर मी माफीसाठी तोंड उघडलं रे उघडलं की तू “असू दे रे, जेवलास का?” म्हणतेस, आणि मग मी काय जेवलो, कुठे जेवलो, तिथला पंखा कसा कुरकुरत होता हे सांगत बसतो आणि माफी राहूनच जाते. पत्राला मध्येच ‘असू दे’ म्हणता येत नाही, ऐकून घ्यावं लागतं. तर ऐक. ऑपरेशनच्या सकाळी मी तुला न्यायला येणार होतो आणि आलो नाही. म्हणजे आलो, पण तू गेल्यावर. तू चप्पल घालून, मांडीवर पिशवी घेऊन पायरीवर बसली होतीस आणि रस्त्यावर गाडी वाजली की मान वर करत होतीस, हे मला काकांनी नंतर सांगितलं. ज्या आवाजात त्यांनी ते सांगितलं, त्याच आवाजात ते जन्मभर ‘गाडी सुटलेली आहे’ असं सांगत आले असणार. माझ्या मनात ते अजून वाजतंय.

आता हे कशामुळे झालं, तर गाडीच्या हातांमुळे. तुला वाटेल कारट्याने नवीन बहाणा काढला. पण गाडीला खरंच हात असतात. चाकाला गाडीशी धरून ठेवणारे लोखंडी दांडे, गॅरेजमध्ये त्यांना आर्म म्हणतात. माझा मित्र पाना (त्याला सगळे पानाच म्हणतात, खरं नाव त्याला स्वतःला आठवायला वेळ लागतो) मला म्हणाला, “गाडी लोअर कर, मग बघ.” मी केली. म्हणजे स्प्रिंगा आखूड घातल्या आणि गाडी जमिनीशी बसली. आत्या, काय दिसायची म्हणून सांगू! दबा धरून बसलेल्या मांजरासारखी. पहिले काही दिवस मी तिच्यात बसण्यापेक्षा तिच्याकडे बघतच जास्त बसलो. मग पानाच म्हणाला की मागून बघ. मागून बघितलं तर मागची दोन्ही चाकं वरून आत झुकलेली आणि खालून बाहेर गेलेली, पाय फाकून उभ्या राहिलेल्या पैलवानासारखी. टायर आतल्या बाजूने पार गुळगुळीत झाले होते, आणि बाहेरून बघावं तर नवेकोरे! (माणसांचंही असंच असतं, असं मी इथे लिहिणार होतो, पण हे तू मला माझ्या बापाबद्दल एकदा सांगितलेलं आहेस, तेव्हा खोडतो.)

चाकं सरळ करणारा जो आहे, त्याने गाडी मशीनवर चढवली आणि मान हलवली. गाडी खाली आली की वरचे हात आखूड पडतात म्हणाला, मूळचे हात वाढत नाहीत, ॲडजस्टेबल घे. आता हा शब्द मी तुझ्याकडून आयुष्यभर ऐकला आहे. छापखाना सोडला तेव्हा “जरा ॲडजस्ट करायला काय झालं होतं?”, कुरियर सोडलं तेव्हा तेच, बर्फाच्या कारखान्यात तर मी टिकलो नाही ते थंडीमुळे, पण तू ऐकलं नाहीस. मला न जमलेली गोष्ट बाजारात तयार मिळते हे कळल्यावर मी तडक दुकान गाठलं.

तिथे घोडं अडलं. हात वरचे घ्यायचे की खालचे? पोलादी की ॲल्युमिनियमचे? लांबी बदलायला दांडा सोडवावा लागणारे की जागच्या जागी फिरणारे? आणि सगळ्यात मोठा प्रश्न म्हणजे टोकाला सांध्यात रबर हवं की लोखंडी गोळा. मी रोज जायचो, रोज नवीन विचार घेऊन यायचो. अधेमधे शेजारच्या पतंगासारख्या दिसणाऱ्या आरशांच्या दुकानातही गेलो (त्याचा इथे संबंध नाही, पण आरसे फार छान होते). शेवटी काउंटरवरच्या बाई वैतागल्या. त्यांनी दोन्ही प्रकारचे हात माझ्यापुढे आपटले आणि विचारलं, “गाडीत बसणार कोण?”

मी म्हणालो, “मीच. एकटा.”

“मग घे गोळ्याचे. रबर माणसांसाठी असतं. गोळ्याचे हात शर्यतवाले घेतात. गाडी म्हणशील तिथे वळते, पण खड्डा आला की खडाक करून थेट मणक्याला कळवते. घरचं कुणी बसणार नाही ना?”

“नाही,” मी म्हणालो.

आत्या, मला खोटं बोलायचं नव्हतं. तुझी तारीख चार दिवसांवर आली होती आणि त्या क्षणी तू माझ्या डोक्यातच नव्हतीस. गोळे चकचकीत होते. एवढंच कारण आहे. मी किती तरी वेळा ते फिरवून बघितलं, ह्याच्यापेक्षा बरं कारण सापडत नाही.

हात ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बसले. बसवल्यावर चाकं परत मशीनवर मोजून घ्यायची असतात, पण तो मशीनवाला दुकान बंद करून मेव्हण्याच्या घरी गेला होता. मग मी आणि पानाने डोळ्यांनीच बघून पीळ दिले, डावीकडे तो, उजवीकडे मी. इथे हात दाखवून अवलक्षण झालं. सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तुझ्याकडे निघालो, तर गाडीचं तोंड एकीकडे आणि चाल दुसरीकडे. खेकडा परवडला! स्टिअरिंग वाकडं धरलं की गाडी सरळ जायची. चौकातल्या हवालदाराला वाटलं मी वळतोय, त्याने मला वळायला जागा करून दिली, मी वळलो नाही, त्याने शिट्टी मारली, मी घाबरून वळलो. नको त्या रस्त्याला लागलो. तिथे बाजूला घेऊन, खाली शिरून एक नट सैल करतोय, तेवढ्यात तशाच लोअर केलेल्या गाडीतला एक दाढीवाला थांबला. तो रबरवाला निघाला. मला म्हणाला गोळे घेऊन फसलास. आता मी फसलो नाही हे त्याला पटवून देणं भाग होतं. आम्ही दोघे रस्त्याच्या कडेला उताणे पडून वाद घालत होतो. (काका, ह्या वेळी आपण तिला आपल्या गाडीत बसवत होतात. मी हिशोब लावून बघितला आहे.)

दवाखान्यात पोचलो तेव्हा तू काकांचा हात धरून बाहेर येत होतीस, डोळ्यावर पट्टी. मला बघून, एका डोळ्याने का होईना, हसलीस. “आलास? बरं झालं. ह्याच्याच गाडीतून जाऊ या, काका, पोराने मुद्दाम आणलीय.” असं तू म्हणालीस आणि काकांनी आपल्या गाडीची किल्ली खिशात टाकली, हे त्यांचे उपकार. मी दार उघडलं. तू टपावर हात ठेवलास, आत बसायला वाकणार, तेवढ्यात सिस्टर ओरडली, “आजी, वाकायचं नाही!” आणि माझ्या गाडीत वाकल्याशिवाय शिरता येत नाही. जमिनीशी बसवलीय ना मी ती. म्हटलं, थांब, पायरीपाशी लावतो, तिथून सरळ बसशील. मागे घेतली, तर गटाराच्या झाकणावर खडाक आणि परत खडाक. सिस्टर माझ्याकडे बघून म्हणाली, “त्यांच्या डोळ्यात भिंग बसवलंय, खिळा ठोकलेला नाही. हादरा नको सांगितलंय ना?” तू काकांच्या उंच, खटारा, कुणीही मागे वळून बघणार नाही अशा गाडीत ताठ बसून घरी गेलीस. मी मागून येत होतो, तिरका. काकांना आरशात बघून वाटत होतं मला पुढे जायचंय, ते सारखे बाजू देत होते.

तर असं झालं. मला वाईट वाटतं आहे, आणि ते नेहमीसारखं संध्याकाळपर्यंत ओसरेल असं वाटलं होतं, पण ओसरलं नाही. लहानपणी माझा कान फुटला तेव्हा तू मला पाठीवर घेऊन गेलीस. तुला कुणी विचारलं नव्हतं की पाठीवर कोण बसणार.

आता दुसऱ्या डोळ्याची तारीख येते आहे. ह्या वेळी तुला मीच नेणार. गाडी मशीनवर मोजून घेतली आहे, नाकासमोर चालते, चाकं खांबासारखी उभी आहेत. तू नाही म्हणू नकोस. दाराशी पाट ठेवू, काहीतरी करू.

डोळ्याला आणि तुला जप.

तुझाच,
भाचा

ता. क. गाडी नाकासमोर चालते हे खरं आहे. खडाक मात्र अजून होतं. रबराचे हात मागवले आहेत, पण ते तुझ्या तारखेनंतर येतील. पाटाचं मी उगाच लिहिलं, वाकावं लागणारच. माझ्या गाडीतून तू जाऊ नयेस हे मला पहिल्या ओळीपासून माहीत होतं, फक्त लिहायला इतकी पानं लागली.

ता. क. २ (काका, हे मनातल्या मनात. त्या सकाळी तुमची गाडी मला द्याल का? काहीही खाली-वर करणार नाही, आरसासुद्धा हलवणार नाही. आणि द्यायला जीव होत नसेल, तर गाडी तुम्हीच चालवा, पुढे ती बसू दे. मी मागे बसतो. तुमच्या त्या डब्यांच्या आणि छत्र्यांच्या मधे पाय दुमडून मावेन, आणि वाटेत कुणाशी वाद घालणार नाही. फक्त निघताना मला सोडून जाऊ नका, मी आदल्या संध्याकाळीच येऊन राहतो.)