माझ्या हातातली ती बाई

ती. ताईस,

तुझ्या धाकट्या शिंपीभावाचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा वाकलो तेवढं गोड मानून घे.) तुझा गुडघा काय म्हणतो? भावजींचा खोकला गेला, की तुम्हालाच त्याची सवय झाली? आम्ही इथे बरे आहोत. म्हणजे मी प्रसिद्ध झालो आहे आणि तुझी भावजय माझ्याशी कामापुरतं बोलते.

जगभरातल्या निवडक फोटोंचं ते पान तू पेपरात पाहिलंसच. ज्वालामुखीच्या धुरासमोर कपडे वाळत घालणारी बाई, बर्फात अडकलेली आगगाडी, आणि त्यांच्या शेजारी छातीभर पाण्यातून नवरीला उचलून नेणारा तुझा भाऊ. खाली ओळ : ‘त्याने तिला सोडले नाही.’ तू फोनवर रडायलाच लागलीस, म्हणून तेव्हा माझी जीभ रेटली नाही. ताई, ती नवरी म्हणजे माझ्या दुकानातला पुतळा. नदीचं पाणी रस्त्यावर आलं तेव्हा गिऱ्हाइकाचा लग्नाचा पोशाख त्याच्या अंगावर टाचण्यांनी बसवलेला होता. टाचण्या काढत बसलो असतो तर मीही वाहून गेलो असतो. म्हणून पोशाखासकट बाईसाहेबांना उचललं (दुकानात आम्ही तिला बाईसाहेबच म्हणतो) आणि निघालो. समोरच्या गच्चीत एक फोटोग्राफर उभा होता, हे मला काय ठाऊक!

त्यानंतर जे सुरू झालं ते विचारू नकोस. न्हाव्याने फोटो आरशाच्या वर लावला आणि माझ्याकडून पैसे घेणं बंद केलं. अनोळखी बायका दुकानात येऊन नुसत्या बघून जायच्या, एक बटणही लावून घ्यायच्या नाहीत. एका मासिकवालीने फोन करून हळू आवाजात विचारलं, “आता त्या कशा आहेत?” मला वाटलं, हिला सगळं माहीत आहे. म्हटलं, “डावा हात निखळलाय, पण खिळा मारला की बसेल.” तिने फोनच ठेवून दिला.

शेवटी फोटोग्राफर स्वतः आला. बाईसाहेबांना कोपऱ्यात उभं पाहून मटकन स्टुलावर बसला. “ओळ मी लिहिली नव्हती हो,” म्हणाला. भला माणूस. चहा घेतल्यावर त्याने सहज विचारलं, “मग त्या वेळी तुमच्या घरातल्या कुठे होत्या?” मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं, की मला सांगताच येत नाही. मी घरी पोचलो तेव्हा ही वरच्या मजल्यावर कोरड्या कपड्यांत होती, एवढंच मी पाहिलं होतं.

ही मशीनवर बसली होती. पाय न थांबवता म्हणाली, “मी जिन्यात होते.”

मग कळलं. आमच्या शेजारच्या आजी, त्यांचे पाय गेल्या वर्षापासून चालत नाहीत. पाणी उंबऱ्यावर आलं तेव्हा हिने त्यांना पाठीवर घेतलं आणि आमच्या घराचा जिना चढली. आजी भीतीने तिचे केस ओढत होत्या. मधल्या वळणावर दोघी पडल्या, पुन्हा उठल्या. फोटोग्राफर म्हणाला, “जिन्यात कुणी नव्हतं का, फोटो काढायला?” ही म्हणाली, “हात द्यायलाही कुणी नव्हतं.”

त्याने तिथल्या तिथे कॅमेरा काढला. म्हणाला, आजींना घेऊन परत एकदा जिन्यात उभ्या राहा. ही हसली. “आजींना आता खाली आणायचं आणि परत चढवायचं? त्यांना विचारा आधी.” मग मशीन चालू. बिचारा फोटोग्राफर कॅमेरा पिशवीत घालून गेला. पेपरात दुरुस्ती छापून येईल म्हणतो, कोपऱ्यात, बारीक अक्षरात.

ताई, राग तिने एकदाही काढला नाही. मीच ओशाळलो आहे. तो फोटो खरा आहे, मी खरंच सोडलं नाही. पण आता पाहिला की माझी नजर चौकटीच्या बाहेर जाते, तिथे आमच्या घराचा जिना असतो.

भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. : पत्र खरं तर यासाठी. आमच्या लग्नाचा अल्बम खालच्या कपाटात होता, तो पाण्यात गेला. आजींना घेऊन जिन्याकडे जाताना तिने कपाटाकडे पाहिलं होतं, हे तिने काल सांगितलं. घरात आता माझा एकच फोटो आहे, आणि त्यात माझ्या हातात दुसरीच बाई आहे. तुझ्या ट्रंकेत आमच्या लग्नातला एखादा निघाला तर पाठव. मी अर्धा कापला गेलो असलो तरी चालेल, ती पूर्ण असावी.

ता. क. २ : फोटोच्या मागे काही लिहू नकोस. लग्नाच्या दिवशी काय काय झालं ते आम्ही बसून आठवू. आधी तिला बोलू देईन.