दोन जर, एक नाहीतर

७ मार्च १९८७, लातूर
पुन्हा अडलं! कॉम्प्युटरचं मशीन म्हणतं, वाक्य कळलं नाही.
पॉलिटेक्निकमधल्या माझ्या मुलींची इंग्रजी आज्ञा लिहिताना दातखीळ बसते. म्हणून मराठी शब्दांची एक छोटी भाषा मांडतेय. जर, तर, नाहीतर, लिही. मशीनला ती वाचता आली पाहिजे. पण ते डावीकडून एकेक शब्द उचलतं, पुढचं त्याला दिसतच नाही. दोन 'जर' आले आणि शेवटी एकच 'नाहीतर' — तर तो कोणाचा?

११ मार्च
लॅबचे व्यंकटी सर म्हणाले, "जवळच्या जरला जोडा की हो म्याडम, बात खतम."
जोडता येईल. पण लिहिणारीच्या मनात लांबचा असला तर? मशीन तक्रार करणार नाही. मुकाट्यानं भलतंच करील.

१९ मार्च
लॅब बंद! कूलरला पाणी नाही, कूलरशिवाय मशीन तापतं. नवा जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, पाट्या आल्या — पाणी मात्र टँकरनंच.

२ एप्रिल
कागदावरच चाललंय. दुपारी गार फरशीवर पडून मीच मशीन होते. एक शब्द उचलायचा, बाजूला ठेवायचा, पुढचा उचलायचा. डोळे मिटले की शब्द छतापाशी तरंगत राहतात. झोप की जाग, कळत नाही.
सासूबाईंनी विचारलं, "काय पुटपुटून राहिलीस गं? मंत्र हाय का?"

१२ एप्रिल
हे आले. किनवटच्या वसतिशाळेत मास्तर, महिन्याकाठी येतात. जेवताना म्हणाले, "माझी बदली झाली तर, तुझी नोकरी पक्की झाली तर, लातूरलाच राहू. नाहीतर तू किनवटला ये."
माझा घास हातातच. "हे नाहीतर कशाचं? बदलीचं, की नोकरीचं?"
हसले. "घरात बी व्याकरण काढतीस का?"
मला हसू येईना. बदली झाली नाही आणि माझी नोकरी पक्की झाली — तर?

१३ एप्रिल
सापडलं! जवळचा-लांबचा असा अंदाजच नको. प्रत्येक 'जर' लिहिणारीनंच मिटवायचा. त्यासाठी शब्द ठेवला — 'बस'. नाहीतरच्या आधी 'बस' आला की आतला जर संपला, पुढचा नाहीतर बाहेरच्याचा.

२८ एप्रिल
व्यंकटी सरांच्या ओळखीनं नांदेडला गेले. तिथल्या एका कॉलेजात मशीन चालू आहे. अहमदपूर कधी मागं पडलं कळलंच नाही, खिडकीबाहेर उन्हात सगळं हलत होतं, पाण्यासारखं.
बसले. दोन जर, एक नाहीतर, दोन बस. बटण दाबलं.
वाचलं! पडद्यावर हवी तीच ओळ!! डोळे भरून आले, खिडकीकडे वळले.
तिथले प्राचार्य मागंच उभे होते. म्हणाले, "जूनपासून इथं शिकवाल? जागा कायम आहे."

३ मे
यांना सांगितलं. म्हणाले, "किनवटचं ठरलं होतं ना?"
"तुमचं ठरलं होतं."
असं कधी बोलले नव्हते मी. हे न जेवताच एसटीला गेले.

५ मे
सासूबाई ट्रंक भरत होत्या. वाटलं, लेकाकडे निघाल्या.
"किनवटला?"
"न्हाई. नांदेडला. तू एकटी कशी राहतीस तिथं?"