दहापैकी चार, आणि पालकांची सही

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे उभ्यानेच). तुझा रक्तदाब उतरला असेल तरच हे पत्र वाच. नसेल तर भावजींना दे, त्यांना तसंही कशाने काही होत नाही.

विषय तुझी भाची. मुलगी काय करते असं कोणी विचारलं की मी "इंजिनिअर" म्हणते आणि हवापाण्यावर बोलू लागते, कारण पुढचं मलाच ठाऊक नाही. आधी ती एका संशोधन संस्थेत तीन वर्षं वाळूचा ढीग कसा ढासळतो ते शोधत होती. (खरी वाळू कणभर नव्हती, मी जाऊन पाहिलं. सगळी कॉम्प्युटरात.) मग ते सोडून दुसरीकडे आकड्यांची रंगीत चित्रं काढू लागली, कारण म्हणे मोठमोठ्या लोकांना नुसते आकडे कळत नाहीत. आता एका गुंतवणूक कंपनीत आहे. मी म्हटलं, अगं, कुठेतरी बूड टेकव. तर म्हणते, "आई, काम तेच आहे गं. वाळूच्या जागी पैसे आले, एवढंच. ढीग कुठून ढासळेल ते आधी सांगायचं." मग वाळूलाच काय धाड भरली होती?

मागच्या आठवड्यात सोमवारी असलंच एक चित्र जेवणाच्या टेबलावर पडलं होतं. लाल-निळे डोंगर. मी एकतीस वर्षं भूगोल शिकवलेली बाई, आणि माझ्यासमोर शीर्षक नाही, सूची नाही, प्रमाण नाही असा कागद. (कॉन्व्हेंटात सिस्टर असला कागद चिमटीत धरून वर्गभर फिरवायच्या.) हात आपोआप लाल पेनाकडे गेला. दहापैकी चार दिले, सवयीने "पालकांची सही आणावी" असं लिहिलं, आणि पालक मीच असल्यामुळे सहीही ठोकली. बाईसाहेबांनी तो न बघताच फायलीत घातला आणि ऑफिसात वरिष्ठांपुढे ठेवला. सगळे हसले म्हणे. वर साहेबांनी विचारलं, "पण खरंच, प्रमाण कुठे आहे?" हिला सांगता येईना. यात माझा गुन्हा कोणता, हे कोणी मला समजावून सांगेल का?

बाकी सर्व ठीक.

तुझी धाकटी

ता. क. बाकी काही ठीक नाही. नऊ दिवस ती माझ्याशी "मीठ दे" यापलीकडे बोललेली नाही, आणि वेगळी खोली बघते आहे. तुझं ती ऐकते. फोन कर. मी लिहिलं हे सांगू नकोस. आईची चूक झाली असं म्हणू नकोस, झाली असेल असं म्हण.

ता. ता. क. पाकीट चिकटवणार तोच टेबलावर नवं चित्र दिसलं. शीर्षक, सूची, प्रमाण, सगळं जागच्या जागी. कोपऱ्यात "पालकांची सही" आणि पुढे रेघ. शेजारी माझं लाल पेन, टोपण काढून ठेवलेलं. फोन करू नकोस. सात दिले, सही केली. चित्र कशाचं आहे ते मात्र अजून कळलेलं नाही.